‘नका’ येईपर्यंत गुडघा वाकून झालेला असतो

“गुडघा वाकवू नका.” योगवर्गात, फिजिओथेरपीच्या खोलीत, शाळेच्या मैदानावर रोज ऐकू येणारं वाक्य. व्याकरणात काही चूक नाही, पण हालचालीसाठी रचना उलटी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आज्ञेतला नकार त्याच्याही मागे. कानावर आधी ‘गुडघा’ पडतो, मग ‘वाकवू’, आणि ‘नका’ सगळ्यात शेवटी. ‘वाकवू’ ऐकून पुढे काय येणार याची खात्री नसते: वाकवू या, वाकवू शकता, वाकवू द्या, काहीही येऊ शकतं. सावकाश बोललं तर पूर्ण वाक्याला सव्वा ते दीड सेकंद लागतो. नुसत्या आवाजावर हालचाल सुरू करायला धडधाकट तरुणाला सेकंदाचा पाचवा भागही पुरे होतो. जे करायचं नाही त्याचं नाव शरीराला आधी कळतं आणि मनाई उशिरा पोहोचते.

हा नुसता तर्क नाही. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या तातियाना नाझिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाब मोजणारं एक छोटं यंत्र लोकांना धरायला दिलं आणि त्यांना शब्द ऐकवले. काम एवढंच, की यंत्र स्थिर धरायचं आणि शब्द ऐकायचे. हाताने करायच्या क्रियेचा शब्द आला की चिमटीचा दाब किंचित वाढायचा. इतका किंचित, की धरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. याच पद्धतीने २०१२ साली त्यांनी नकाराची वाक्यं तपासली. ‘व्यायामशाळेत फियोना वजन उचलते’ अशा होकारार्थी वाक्यात दाब वाढला, ‘विमानात लॉर सामान उचलत नाही’ अशा नकारार्थी वाक्यात वाढला नाही. पण फ्रेंचमध्ये नकाराचा पहिला तुकडा क्रियापदाच्या आधी येतो, म्हणजे क्रियापद कानावर पडण्याआधीच नकाराची वर्दी मिळालेली असते. मराठी आज्ञेत ती सोय नाही. अशा प्रयोगात मराठी वाक्यांचं काय होईल हे सांगायला मराठीतच मोजमाप करावं लागेल, पण सूचना देणाऱ्याने धोका का पत्करावा?

नकाराची गोष्ट आणखी जुनी आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया लहान मुलांच्या हातात रबरी फुगा द्यायचे आणि ‘दाब’, ‘दाबू नको’ अशा सूचनांना हात काय करतो ते नोंदवायचे. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांत ‘दाबू नको’ या शब्दांनीही फुगा दाबला जायचा, कारण शब्दाचा अर्थ हाताला थोपवण्याआधी शब्दाचा धक्काच हाताला हलवत होता. पुढे इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा चित्र इतकं स्वच्छ दिसलं नाही, पण बालवाडीतल्या कोणत्याही ताई ‘धावू नका रे’चा अनुभव सांगतील. मोठी माणसंही पूर्ण सुटलेली नाहीत. डॅनियल वेग्नर यांच्या १९९८ च्या प्रयोगात गोल्फचा चेंडू ढकलणाऱ्यांना सांगितलं होतं, की चेंडू खुणेच्या पलीकडे जाऊ देऊ नका. डोक्यात सहा आकडी संख्या धरून ठेवायला लावल्यावर नेमका तो पलीकडेच जाऊ लागला. मन मोकळं असतं तेव्हा नकार पाळता येतो. ते दुसरीकडे गुंतलं, की नकारातला ‘न’ आधी गळतो. दुखणं, पडण्याची भीती, नवीन जागा, चार नातेवाईक एकदम बोलत असणं, या सगळ्यांत मन गुंततंच. म्हणजे ज्या माणसाला सूचनेची सर्वात जास्त गरज असते, त्याच्याच बाबतीत ‘नका’ सगळ्यात कुचकामी ठरतं.

उपाय सोपा आहे, फक्त सवय बदलावी लागते. ‘गुडघा वाकवू नका’ऐवजी ‘टाच पुढच्या भिंतीकडे ढकला’. ‘खाली बघू नका’ऐवजी ‘दाराच्या कडीकडे बघा’. ‘श्वास रोखू नका’ऐवजी ‘मोठ्याने आकडे म्हणा’. हा शेवटचा बदल दुहेरी कामाचा आहे. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, आणि आकडे म्हणताना माणसाला श्वास कोंडताच येत नाही. सूचना पाळली गेली की नाही तेही कानाने कळतं. नकार टाळणं शक्यच नसेल तर निदान तो पुढे आणावा: ‘गुडघा न वाकवता पाय उचला’. यात ‘न’ क्रियेच्या आधी येतो आणि शेवटी हवी ती क्रिया मिळते. एक अपवाद मात्र कायम ठेवावा. गरम तव्याकडे हात जात असेल तेव्हा वाक्यरचना शोधत बसू नये. ‘थांब!’ एवढंच पुरे, तो शब्दही होकारार्थीच आहे.

शब्द स्नायूंपर्यंत पोहोचतो कसा? २००४ साली ओलाफ हाउक, इंग्रिड जॉन्सरूड आणि फ्रीडेमान पुल्व्हरम्युलर यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये निजवून चाटणं, उचलणं, लाथ मारणं अशा अर्थाचे इंग्रजी शब्द वाचायला दिले. नुसते वाचायचे, हलायचं नाही. तरी जीभ, बोटं आणि पाय हलवताना मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यातले जे भाग जागे होतात, त्यांच्या आत किंवा अगदी शेजारी त्या त्या शब्दांनी हालचाल दाखवली. पुढच्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी बुच्चीनो यांच्या गटाने मेंदूला बाहेरून दिलेल्या चुंबकीय झटक्यांनी हातापायांच्या स्नायूंची तयारी मोजली. हाताच्या क्रियेची वाक्यं ऐकताना हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद बदलला, पायाच्या वाक्यांनी पायाच्या. बदल झाला तो घटण्याच्या बाजूने. शब्दाने स्नायू नेहमी तयारच होतो असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शब्द कधी मदत करतो, कधी आड येतो.

कधी काय होतं हे बरंचसं वेळेवर ठरतं. व्हेरोनिक बुलंजे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हेच तपासलं. हात वस्तूकडे निघतो न निघतो त्या क्षणी पडद्यावर क्रियापद दाखवलं, तर मनगटाच्या वेगवाढीत अडथळा आला. तेच क्रियापद हालचाल सुरू होण्याआधी दाखवलं, तर मदत झाली. सूचना देणाऱ्यासाठी या अख्ख्या संशोधनातला सर्वात उपयोगी निष्कर्ष कदाचित हाच. बोलायचं ते हालचालीआधी. हालचाल चालू असताना गप्प. झाल्यावर पुन्हा एक वाक्य. वर्गात याच्या नेमकं उलट चालतं: सुरू करताना ‘चला, घ्या’ एवढंच, आणि माणूस अर्ध्यात असताना ‘कोपर, कोपर! मान! श्वास!’ असा मारा. अर्ध्यात पोहोचलेल्या हाताला तेव्हा दोन कामं पडतात, चालू आहे ते निभावणं आणि नवीन शब्दाचा अर्थ लावणं.

या विषयातला सर्वात गाजलेला प्रयोग मात्र बाजूला ठेवलेला बरा. आर्थर ग्लेनबर्ग आणि मायकल कॅशक यांनी २००२ साली दाखवलं होतं, की अंगापासून दूर जाणाऱ्या क्रियेचं वाक्य समजून घेताना हातही दूरच्या दिशेला चटकन जातो आणि उलट दिशेला अडखळतो. वीस वर्षं तो पाठ्यपुस्तकांत मिरवला. मग १८ प्रयोगशाळांनी आधीच पद्धत जाहीर करून तो एकत्र पुन्हा केला, आणि २०२२ साली छापलेला निकाल असा, की एकाही ठिकाणी तो परिणाम खात्रीने दिसला नाही. भाषेचा शरीरावर परिणाम होतो हे त्यामुळे खोटं ठरत नाही, पण ‘पुढे’ म्हटलं की शरीर आपोआप पुढे झुकतं अशा छापाच्या कार्यशाळा विकणाऱ्यांपासून दूर राहावं.

आता वेळेचा मुद्दा प्रत्यक्षात. कवायतीच्या आज्ञा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना आठवेल, की त्या दोन तुकड्यांत येतात. ‘दाहिने…’ लांबवून, मग छोटा विराम, मग तुटक ‘मुड!’ पहिला तुकडा काय करायचं ते सांगतो, दुसरा केव्हा ते. ‘सावधान’ हा एकच शब्द, पण तोही ‘साऽव’ आणि ‘धान’ असा फोडला जातो. शंभर जणांच्या टाचा एका क्षणी वाजतात त्याचं कारण शिस्तीइतकंच या फोडण्यात आहे: अर्थ लावायला लागणारा वेळ आधीच देऊन टाकलेला असतो. ओझं ओढणाऱ्यांच्या आरोळ्यांत तर अर्थाचा भाग जवळजवळ काढूनच टाकलेला असतो, राहते ती फक्त वेळ.

घरी किंवा दवाखान्यात आजोबांना उठवताना मात्र ‘एक, दोन, तीन!’ म्हटलं जातं, आणि तीनवर उठायचं की तीननंतर, हे कुणी ठरवलेलं नसतं. आजोबा ‘तीन’वर जोर लावतात, आधार देणारी सून ‘तीन’नंतर उचलते. दोघांचे जोर एकमेकांना भेटतच नाहीत, आणि आजोबा परत खुर्चीत आदळतात. तिसरा आकडा काढून टाका: ‘एक, दोन, उठा’. एकदा नुसतंच तोंडी म्हणून दाखवा, मग करा.

खुर्चीतून उठणं हा शब्द आणि हालचाल यांच्या नात्याचा सर्वात चांगला धडा आहे, म्हणून तो नीट पाहू. हात असलेली, न सरकणारी, बैठक साधारण ४५ सेंटीमीटर उंच असलेली खुर्ची घ्या. बैठक त्याहून बरीच खाली असेल तर काम एकदम अवघड होतं, मग आधी उशी घालून उंची वाढवावी, शब्दांनी ती भरून निघत नाही. पहिली सूचना: ‘आजोबा, खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे या.’ ते सरकून थांबेपर्यंत गप्प राहायचं. दुसरी: ‘पाय मागे ओढा.’ टाचा गुडघ्यांच्या रेषेच्या मागे साधारण १० सेंटीमीटर याव्यात. बहुतेक फसलेल्या उठण्यांचं कारण इथेच असतं, पाय पुढे राहिलेले असतात. तिसरी: ‘नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या.’ आणि मग ‘एक, दोन, उठा’.

तिसरी सूचना विचित्र वाटते, पण मोलाची आहे. ‘पुढे वाका’ म्हटलं की माणूस पाठीची कमान करून मान खाली घालतो, धडाचं वजन मागेच राहतं. नाक बोटांच्या पुढे न्यायचं म्हटलं की कंबर खुब्यातून दुमडते, वजन पावलांवर येतं, आणि वजन पावलांवर आलं की उठायला लागणारा जोर बराच कमी होतो. खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर ही सूचना वापरू नये. किती वाकायचं याची मर्यादा सर्जनने घालून दिलेली असते, ती आधी विचारावी.

याच्या जागी घरात ऐकू येतं ते असं: ‘उठा, उठा आजोबा, हळू, सांभाळून, पडाल हं!’ क्रियापद सर्वात आधी आलं, त्यामुळे माणूस तयारीविना सरळ वर उठायला जातो. ‘हळू’ने वेग मारला जातो, आणि उठायला तर थोडा वेग लागतोच. ‘पडाल’ने मन पडण्याच्या भीतीत गुंततं. त्यात कुणीतरी दंडाला धरून वर ओढतं, त्यामुळे धड पुढे जाण्याऐवजी मागे कलतं. प्रत्येकाचा हेतू चांगला, वाक्यं सगळी चुकीच्या क्रमाने.

क्रमाचा आणखी एक सापळा मराठीत जागोजागी आहे. ‘उठण्याआधी ब्रेक लावा.’ चाकाच्या खुर्चीवरचा माणूस पहिला शब्द ऐकतो तो ‘उठण्या’, आणि हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकतात. वाक्यात जे आधी येतं ते नंतर करायचं असतं, ही कसरत तंदुरुस्त माणसाला कळतही नाही, पण अर्धांगवायूनंतर किंवा विस्मरण असलेल्या माणसाला ती जड जाते. दोन वाक्यं करा: ‘ब्रेक लावा.’ लावल्यावर, ‘आता उठा.’ ‘-आधी’, ‘-पूर्वी’, ‘-शिवाय’ ही तीनही रूपं सूचनेतून हद्दपार करावीत. याउलट ‘-ऊन’ची साखळी, ‘हात वर घेऊन, श्वास सोडत, वाकून, तळवे टेकवा’, क्रमाने बरोबर असते, पण एका दमात चार कामं देते. सूर्यनमस्कार येणाऱ्याला ती चालते, नवख्याला नाही. त्याच्यासाठी एका फेरीत एकच सूचना. ती जमली की पुढच्या फेरीत दुसरी.

उजव्या-डाव्याचं काय? शिकवणारा समोर तोंड करून उभा असेल तर अर्धा वर्ग त्याच्या आरशासारखा हलतो आणि अर्धा शब्द पाळतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर. ‘खिडकीकडचा हात’, ‘दाराकडचा पाय’ म्हटलं की हा घोळ मिटतो.

लक्ष शरीरावर ठेवायला सांगावं की बाहेरच्या वस्तूवर, हा वाद गेली पंचवीस वर्षं चालू आहे. गाब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगची नक्कल करणाऱ्या यंत्रावर एका गटाला पावलांनी जोर लावायला सांगितलं आणि दुसऱ्याला पावलांखालच्या चाकांवर. पाऊल आणि चाक यांत अंतर काही सेंटीमीटरचं, पण चाकांवर लक्ष ठेवणारे चांगले शिकले. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर २००५ साली झालेल्या अभ्यासात मनगटाऐवजी रिंगकडे लक्ष देणाऱ्यांचे नेम जास्त बसले, आणि दंडाच्या पुढच्या-मागच्या स्नायूंत विजेची हालचाल कमी दिसली, म्हणजे फुकटचा ताण कमी. यावरून ‘शरीराचं नाव घेऊच नका’ असा पंथच निघाला. तो जरा आवरायला हवा. २०२४ साली या सगळ्या अभ्यासांची पुन्हा एकत्र छाननी झाली तेव्हा आढळलं, की अनुकूल निकालच जास्त छापले गेले आहेत आणि ते वगळून पाहिलं तर फायद्याचा पुरावा फारच लंगडा पडतो. माझं मत असं, की बाहेरचं लक्ष्य द्यायला पैसे पडत नाहीत आणि तोटा दिसत नाही, म्हणून ते आधी वापरून पाहावं. पण एखाद्या स्नायूला जागं करायचंच असेल, उदाहरणार्थ गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू, तर त्याचं नाव घ्यावं, त्यावर बोट टेकवावं आणि ‘हा आवळा’ म्हणावं.

रोजच्या वापरातल्या दोन सूचना मात्र खुशाल मोडीत काढाव्यात. पहिली, ‘ताठ बसा’. ती ऐकून लोक कमरेत कमान करतात, फासळ्या वर उचलतात, श्वास रोखतात आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा ढेपाळतात. ‘डोक्याचा माथा छताकडे’ म्हटलं की मान लांबते आणि फासळ्या जागेवर राहतात. दुसरी, ‘हात सैल सोडा’. खांदा आखडलेल्या माणसाला हे सांगितलं की तो हात स्वतःच हलवून दाखवतो, कारण ‘सोडा’ ही त्याला करायची क्रिया वाटते. त्याऐवजी त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरा आणि म्हणा, ‘हाताचं वजन माझ्या हातावर द्या.’ वजन आलं की नाही ते तळव्याला लगेच कळतं.

उपमा देऊन शिकवणं हा आणखी एक जुना मार्ग. टेबल टेनिसचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देणारा फटका, शिकवताना लियाओ आणि मास्टर्स यांनी २००१ साली बारा नियम सांगण्याऐवजी एकच वाक्य दिलं: बॅटने काटकोन त्रिकोण काढा. ज्यांना ही उपमा मिळाली त्यांचा खेळ डोक्यावर दुसरं काम पडलं तरी ढासळला नाही. पण चिनी भाषिकांना हाच त्रिकोण पचेना. मग २००७ च्या अभ्यासात त्यांना ‘बॅट डोंगराच्या उतारावरून वर चढते आहे’ अशी सूचना दिली, आणि ती लागू पडली. परदेशी व्हिडिओंतल्या सूचना जशाच्या तशा मराठीत उतरवणाऱ्या प्रशिक्षकांनी हे वाचावं. ज्याने कधी सर्फिंगची फळी पाहिली नाही, त्याला तिच्यावर उभं राहायला सांगून काय उपयोग?

आतापर्यंत गृहीत धरलं, की शब्द समजला तर हालचालीपर्यंत पोहोचतो. तसं नेहमीच होत नाही. ह्यूगो लीपमन या जर्मन डॉक्टरांनी १९०० सालच्या सुमारास अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांना सूचना समजते, हातात ताकद असते, तरी सांगितल्यावर करता येत नाही. याला अॅप्रॅक्सिया म्हणतात. ‘टाटा करा’ म्हटलं की हात गोंधळतो. तोच माणूस नातू दारातून निघाला की सहज हात हलवतो. ‘जीभ बाहेर काढा’ म्हटलं तर जमत नाही, ओठाला साखर लागली की जीभ आपोआप बाहेर येते. कधी कधी तर फक्त डावा हातच आज्ञा मानत नाही. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पूल तुटला की डाव्या बाजूला समजलेला शब्द उजव्या बाजूपर्यंत, म्हणजे डाव्या हाताच्या मालकापर्यंत, जातच नाही.

घरच्यांना हे कळलं नाही की ‘मुद्दाम करत नाहीत’ असा आरोप होतो. अॅप्रॅक्सियात शब्द कमी करून प्रसंग उभा करायचा. ‘कप धरा, ओठाला लावा, प्या’ असं सांगण्याऐवजी चहाचा कप नेहमीच्या हाताशी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी ठेवायचा. पक्षाघातानंतर भाषाच समजेनाशी झाली असेल तर ती वेगळी अडचण. तिथे मोठ्याने बोलण्याने काही साधत नाही. आपण करून दाखवायचं, एकच शब्द घ्यायचा, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. मुलीने ‘उठा’, मुलाने ‘उभे राहा’, मदतनीस बाईंनी ‘चला’ म्हटलं तर त्या माणसासाठी ती तीन वेगळी कोडी आहेत.

पार्किन्सनमध्ये चित्र पुन्हा बदलतं. इथे चालण्याचा ताल बऱ्याचदा ठीक असतो, पाऊल मात्र आखूड पडतं. म्हणून ‘पाय उचलून टाका’ ही सूचना फसते: पाय वर उचलला जातो, पुढे पडत नाही. ‘मोठं पाऊल’ एवढंच म्हणावं, आणि प्रत्येक वेळी तेच. जमिनीवर चालण्याच्या दिशेला आडव्या, फरशीच्या रंगाहून उठून दिसणाऱ्या चिकटपट्ट्या माणसाच्या उंचीनुसार ४५ ते ६० सेंटीमीटर अंतराने लावल्या तर त्या न बोलता हेच काम करतात. न्हाणीघराच्या दारात, जिथे चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडतात, तिथे त्या आधी लावाव्यात. या आजारात क्रियापदांचंही काहीतरी होतं. बुलंजे यांच्याच गटाने २००८ साली दाखवलं, की शब्द आधी क्षणभर, कळणारही नाही असा, दाखवला की तो ओळखायला छुपी मदत होते; औषधाचा असर नसताना रुग्णांत नामांची ही मदत शाबूत होती, क्रियापदांची जवळपास गेली होती. औषध घेतल्यावर ती परत आली.

पाय चिकटले की ‘चला ना, काय झालं?’ म्हणून काही होत नाही, झालाच तर गोंधळ वाढतो. चार पायऱ्या आहेत, चार छोट्या शब्दसमूहांत: थांबा. ताठ उभे राहा. वजन या पायावर, त्या पायावर. मोठं पाऊल. तिसरी पायरी गाळली तर चौथी फसते, कारण ज्या पायावर वजन आहे तो उचलताच येत नाही. तरीही निघालं नाही तर आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवा आणि म्हणा, ‘माझ्या चपलेच्या पलीकडे.’ वळताना जागच्या जागी गिरकी टाळून जमिनीवर घड्याळ मानायचं: बारावर उभे आहोत, आता तीनवर पाऊल, मग सहावर.

आणि कधी काहीच न बोलणं योग्य असतं. स्वीडनमधल्या ५८ वृद्धांवरचा एक छोटा अभ्यास १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. चालताना त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या, तर १२ जण बोलायला म्हणून थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. बोलणं समजून उत्तर देणं आणि पाऊल टाकणं, दोन्हींना एकाच डोक्यातून लक्ष लागतं. त्यामुळे आजी चालताना मध्येच थांबून उत्तर देत असतील तर घाई करू नये, त्या योग्यच करत आहेत. डॉक्टरांकडे मात्र ही गोष्ट सांगावी.

जिन्यावर तर गप्पा नकोतच. ‘चढताना आधी चांगला पाय, उतरताना दुखरा’ हे पहिली पायरी येण्याआधी एकदा म्हणायचं. मग त्यांचा हात कठड्यावर, आणि आधार देणारे आपण चढताना त्यांच्या एक पायरी खाली आणि उतरतानाही एक पायरी खालीच. डॉक्टर काय म्हणाले, रिक्षा मिळाली का, भाजी काय आणायची, हे सगळं मधल्या सपाट जागेवर पोहोचल्यावर.